कापून टाकलेली हाक

आईने माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही. साडी आणली तर 'कशाला आणलीस' आणि नाही आणली तर त्याचा विषयही नाही, अशी ती. बाबा गेल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी तिने फोनवर पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी तेव्हा अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या घरी डिशवॉशरमधून ताटं काढत होते, बाहेर बर्फ होता आणि फोन स्पीकरवर ओट्यावर ठेवलेला होता. बाबांच्या आवाजाचं मी जे रेकॉर्डिंग करून दिलं होतं, त्याचं मूळचं, न कापलेलं माझ्याकडे आहे का, असं तिने विचारलं. कशाला हवंय, म्हटलं.

"त्यात ते मधेमधे मला हाक मारायचे," ती म्हणाली. "तेवढी एकदा ऐकायची होती."

मी तिला सांगितलं की आई, तो सगळा कचरा होता, तो काढला म्हणून तर एवढं छान झालं. ती 'बरं' म्हणाली. मग तुमच्याकडे बर्फ थांबला का, असं विचारून तिने विषय बदलला. मी ताटं कपाटात लावली आणि विसरूनही गेले.

हे मी इतक्या सहज कसं म्हणू शकले ते कळायला माझा धंदा सांगायला हवा. मी अकरा वर्षं मुंबईत मराठी मालिकांचं एडिटिंग केलं. गोरेगावात एक बिनखिडकीची खोली होती. एसी असा की मे महिन्यात शाल पांघरून बसायचं. आज शूट झालेलं उद्या दाखवायचं असायचं. सासू 'मी हे होऊ देणार नाही' म्हणाली की सुनेचा चेहरा, मग नणंदेचा, मग दिराचा, मग परत सुनेचा तीनदा जवळून, आणि मागे गडगडाट. लोक याची टिंगल करतात, पण मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. बघणारी बाई भाजी निवडत असते, तिची नजर मेथीवर असते. मान कधी वर करायची ते तिला कानाने सांगावं लागतं. तो गडगडाट तिच्यासाठी असायचा, टिंगल करणाऱ्यांसाठी नव्हे.

मात्र दोन वाक्यांच्या मध्ये काही ठेवायचं नाही, हा नियम होता. कोणी बोलताना अडखळलं, काप. आवंढा गिळला, काप. मला हे काम शिकवणारे एक वयस्कर एडिटर होते, ते म्हणायचे, "माणसं श्वास घेतात हे लोकांना माहीत आहे बाई. ते दाखवायला चॅनेल आपल्याला पगार देत नाही." दुसरा नियम असा की एपिसोड गेला की त्याचं कच्चं शूटिंग पुसून टाकायचं. डिस्का मोजक्या असायच्या आणि पुढच्या आठवड्याचं सामान दारात येऊन उभं असायचं. पुसायला हात कचरायला लागला की तो एडिटर कामाचा नाही, असं आमच्यात मानत. माझा हात कधी कचरला नाही आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

नवऱ्याला डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. सुरुवातीची काही वर्षं मला कामाची परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर मी घरच्या बेसमेंटमध्ये दोन मोठे मॉनिटर लावले आणि आसपासच्या देशी लोकांची लग्नं, मुलींच्या भरतनाट्यमचे पहिले कार्यक्रम म्हणजे अरंगेत्रम, ग्रॅज्युएशनच्या पार्ट्या एडिट करायला लागले. अरंगेत्रमला मुलीचे वडील वीस मिनिटं आभार मानतात. मी ती चार मिनिटांची करते, त्यातही ते फार छान बोलले असं वाटतं, आणि मग तेच वडील दुसऱ्या मुलीच्या वेळी मलाच बोलावतात. एकूण काय, माणसाचं बोलणं घासूनपुसून लख्ख करून देणं हा माझा हातखंडा.

आता बाबांचं. बाबा कराडच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं त्यांनी काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची नावं पुकारली. तिथे त्यांचा आवाज खणखणीत आणि एका दमात, घरी मात्र फार सावकाश बोलायचे. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे स्टँडवरच्या गोष्टींचा साठा होता आणि ऐकणारं कोणी नव्हतं. म्हणून शेवटच्या वर्षी जमेल त्या शनिवारी रात्री मी फोन करायची. त्यांची तेव्हा रविवारची सकाळ असायची. ते बोलायचे आणि मी माझ्या बाजूने रेकॉर्ड करायची. अशा सव्वीस सकाळी जमल्या.

त्या रेकॉर्डिंगची दशा काय सांगावी. पंखा, कुकर, दारात भाजीवाला. आणि दर दोन मिनिटांनी बाबा थांबायचे, मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारायचे, "अगं." आईला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही, त्या पिढीत कोण मारत होतं. तर "अगं, तो ड्रायव्हर कुठला गं, मसूरचा का?" आतून आई ओरडून सांगायची, मसूरचा नव्हे, उंब्रजचा. मग बाबा "हां, उंब्रजचा" असं म्हणून पुढे चालू. गोष्ट त्यांची, पण त्यातले तारीख-वार, गावं, कोण कोणाचा मेहुणा हे सगळं आईकडे. पुढच्या पुढच्या सकाळी स्वयंपाकघर शांत असायला लागलं, तेव्हा मला बरंच वाटलं, कारण तेवढंच साफ करायचं काम कमी झालं.

बाबा फेब्रुवारीत गेले. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही, इथल्या प्रत्येक घरात ती एक गोष्ट असते आणि ती सगळ्यांची सारखीच असते. वर्षश्राद्धाला मात्र मी त्या सव्वीस सकाळींमधून पन्नास मिनिटांचं एक रेकॉर्डिंग केलं. माझं सगळं कसब ओतलं त्यात. पंखा काढला, कुकर काढला, खोकला काढला, हाका काढल्या, उत्तरं काढली. पुसट तंबोरा घातला मागे. बाबा असे बोलत होते जसे कधीच बोलले नव्हते, एकसंध, न अडखळता. वर्षश्राद्धाच्या दिवशी कराडच्या घरी ते लावलं तेव्हा काका रडले, आत्या रडल्या, मावसभावाने ते पन्नास जणांना पाठवलं. आई म्हणाली, छान झालंय. परत आल्यावर चार कॅमेऱ्यांचं एक अरंगेत्रम येऊन पडलं होतं, डिस्कवर जागा नव्हती. मी बाबांचं कच्चं रेकॉर्डिंग पुसलं. हात कचरला नाही.

त्यामुळे आईने मागितलं तेव्हा 'कचरा' हा शब्द माझ्या तोंडून सहज आला. तो मागे घ्यायला मला तीन महिने लागले, आणि त्याला कारण झाली एक ब्रिटिश मालिका.

आमच्यापासून दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर एक काकू राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, रिटायर झालेल्या भूल देणाऱ्या डॉक्टर. अमेरिकेत येण्याआधी त्या आणि काका सहा वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात होते. काका गेले, मुलं कॅलिफोर्नियात. काकूंनी त्या सहा वर्षांत तिथली एक रोजची मालिका बघायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षं झाली तरी सोडली नाही. पूर्वी कोणी व्हिडिओ कॅसेट आणून द्यायचं, आता पैसे भरले की घरबसल्या दिसते. दर बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते, आम्ही दुधाचा चहा घेतो आणि आठवड्याचे सगळे भाग सलग बघतो. तिथल्या सहा वर्षांसाठी काकूंचा जीव अजून तुटतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या गोष्टीसाठी मालिका बघत नाहीत. दार ढकलल्याचा आवाज, किटली, ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी, दुकानदार बाईचं ओळखपाळख नसताना 'लव्ह' म्हणणं, हे ऐकायला बघतात. कधीकधी त्या डोळे मिटूनच बसतात.

मी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. मागे संगीतच नाही. नवरा घर सोडून चाललाय आणि ऐकू काय येतंय, तर फ्रिज. एक चेहरा एकदाच दाखवतात, तोही पुरता नाही. दोघं एकाच वेळी बोलतात आणि त्यातलं एक वाक्य वायाच जातं. मी काकूंना म्हटलं, अहो, यांच्याकडे एडिटर सुट्टीवर आहे का? त्यांनी सांगितलं की पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी तिथेही एक बोलला की दुसरा आपली पाळी येईपर्यंत शहाण्यासारखा थांबायचा, कॅमेरा बोलणाऱ्याकडे, सगळं नाटकासारखं शिस्तीत. संगीत नव्हतं ते तेव्हाही नव्हतं, फक्त शेवटी ठरलेली धून वाजायची. आता गेल्या काही वर्षांत यांच्या अंगात आलंय. मधेच एखादा भाग असा करतात की त्यांचाच नियम त्यांनीच मोडलेला असतो.

आणि खरंच तसे भाग यायचे. एकदा अख्खा भाग एकही कट न करता, कॅमेरा एका घरातून दुसऱ्या घरात बाईच्या मागे मागे. एकदा एकच जेवण तीन वेळा दाखवलं, दर वेळी वेगळ्या माणसाच्या कानाने, आणि दर वेळी वेगळंच वाक्य मोठ्याने ऐकू आलं. एकदा कोणी वारलं तर शेवटची धून वाजवलीच नाही, नावं मुकाट वर सरकली. एका भागात तर एका म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू यायला लागतं आणि तो जिथे जिथे असेल तिथे आवाज बंद होतो. तो भाग सुरू झाला तेव्हा काकूंनी आधी रिमोट आपटला, मग कानातलं यंत्र काढून त्याची बॅटरी बदलली, मग दुसऱ्या कानातली बदलली. मी त्यांना सांगितलं की काकू, मलाही ऐकू येत नाहीये. त्यावर त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका. म्हणाल्या, "फायनली कोणीतरी दाखवलं. आता माझ्या मुलांना हा पाठवते."

मी नावं ठेवत होते, पण बुधवार चुकवत नव्हते. घरी आल्यावर बेसमेंटमध्ये बसून मी मनातल्या मनात ते भाग परत कापायची. इथे गडगडाट घातला असता, इथे हे सहा सेकंद काढले असते. काढले असते तर नक्की काय गेलं असतं ते मात्र मला सांगता येत नव्हतं, आणि त्याची थोडी चिडचिड व्हायची. गोरेगावची ती खोलीही मग फार आठवायची. तिथे भांडायला माणसं होती.

एप्रिलच्या एका बुधवारी जो भाग लागला, तो असा. दोन भावांमध्ये एक गुपित होतं, चार आठवडे ते तापवत आणलं होतं. त्या दिवशी गावातल्या पबमध्ये कोणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी, आणि आज ते बाहेर येणार हे आम्हाला माहीत होतं. पबच्या स्वयंपाकघरात एक बाई आहे, साठीची, एरवी तिला आठवड्यात दोन वाक्यं मिळतात. ती सँडविच करत होती. भांडण सुरू झालं, कॅमेरा हॉलमध्ये गेला, भावांचे चेहरे, हातवारे, सगळं दिसलं, पण आवाज कॅमेऱ्याबरोबर गेला नाही. आवाज स्वयंपाकघरातच थांबला. भाऊ तोंड उघडून ओरडतायत आणि आपल्याला ऐकू येतेय पाटावरची सुरी. कोणी दार ढकलून ट्रे न्यायला आलं की अर्धं वाक्य आत घुसायचं, दार मिटलं की परत सुरी. गुपित फुटलं तेव्हा ते आम्हाला ऐकूच आलं नाही. तिची सुरी फक्त थांबली. मग तिने नळ सोडला.

मी भडकले. चार आठवडे तापवलं आणि ऐकवलंच नाही, म्हटलं, ही काय पद्धत झाली?

"तिलाही पुरतं नाही ना ऐकू आलं," काकू म्हणाल्या. "तू आतापर्यंत तिच्याकडे बघितलंच नव्हतंस. ते राहू दे. तिचा श्वास ऐकलास का? दार मिटल्यावर? मी चाळीस वर्षं लोकांचे श्वास ऐकून पोट भरलं गं. ऑपरेशन करणारा पोटात बघत असतो, मी श्वास ऐकत असायची."

त्यांनी तेवढा तुकडा मागे नेऊन परत लावला. दार मिटलं, सुरी थांबली, आणि त्या बाईने श्वास घेतला. मी तो कापला असता. शंभरातून शंभर वेळा कापला असता. आणि मग मला कराडचं स्वयंपाकघर आठवलं. सव्वीस सकाळी आई तिथे होती. बाबांच्या प्रत्येक गोष्टीत ती होती, भिंतीपलीकडे, हातात काहीतरी चिरत, आणि ते दर दोन मिनिटांनी तिला आत बोलावत होते. मी त्या गोष्टीतून तिला उचलून बाहेर काढलं होतं आणि वर तिलाच ते ऐकवलं होतं. आणि ती म्हणाली होती, छान झालंय.

चहा तसाच टाकून मी घरी आले. दोन दिवस बेसमेंटमध्ये सगळं उलथंपालथं केलं. जुने लॅपटॉप, जुने फोन, क्लाउड, ड्रॉवरमधल्या मेलेल्या डिस्का. पुसलेलं परत आणून देणाऱ्या एका माणसाला भेटायला तासाभरावरच्या अॅन आर्बरपर्यंत गेले. त्याने डिस्क बघून सांगितलं की इतक्यांदा वर लिहिलंय की खाली काही उरलेलं नाही, फार नीट काम केलंयत तुम्ही. सापडली फक्त एक वीस सेकंदांची फाइल. दोन तुकडे जोडताना मध्ये पोकळी जाणवू नये म्हणून आम्ही रिकाम्या खोलीचा आवाज भरतो, त्यासाठी घेतलेला तुकडा. त्यात पंखा होता आणि लांबून जाणारी गाडी. मी तो हेडफोन लावून किती वेळा ऐकला असेल, कुठेतरी शेवटी ते हाक मारायला तोंड उघडतील म्हणून. नाही उघडलं. नवरा जिन्यावरून दोनदा डोकावून गेला. बाबा गेले तेव्हा रडले नव्हते तेवढी मी त्या दोन दिवसांत रडले.

आई जूनमध्ये आमच्याकडे आली. व्हीलचेअर घेतल्यामुळे इमिग्रेशनमधून सगळ्यांच्या आधी बाहेर पडली आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. पहिले काही दिवस इथली शांतता तिला बोचली. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, कुत्रंही साखळीला. मी तिला बुधवारी काकूंकडे नेलं. तिला इंग्रजी येत नाही, तरी ती दोन तास बघत बसली आणि निघताना काकूंना म्हणाली, "यांच्यात मागं काही वाजत नाही, ते बरं आहे. घरात बसल्यासारखं वाटतं." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी चपला घालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं. आई, ते मूळचं आता नाहीये. मी पुसलं. खूप शोधलं, मिळालं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "असतं तर तू तेव्हाच दिलं असतंस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने चष्मा पुसला, काहीतरी वाचायला बसल्यासारखा डोळ्यांवर चढवला आणि जे आहे ते लाव, म्हणाली. वर्षश्राद्धाच्या दिवशी पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत तिने ते नीट ऐकलंच नव्हतं. मी लॅपटॉप आणला आणि सुरू केलं. आधी तंबोरा. तो बंद होत नाही का, तिने विचारलं. नाही, म्हटलं, तो आता त्यांच्या आवाजाला चिकटलाय. मग बाबा बोलायला लागले.

चारपाच मिनिटं झाली असतील. बाबा पाटण गाडीची गोष्ट सांगत होते, आणि आई एकदम म्हणाली, "इथं." मी विचारलं, काय इथं? ती म्हणाली, इथं अगं म्हणाले होते. आणि तिने मान जराशी वळवली आणि मोठ्याने, आत चुलीपाशी असल्यासारखी म्हणाली, "मंगळवार होता." पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा पुढच्या वाक्यात गेले होते. मी तिथे पोकळी ठेवलीच नव्हती. तिने बरोबर ओळखलं होतं, तिथेच जोड होता. पुढच्या जोडाला परत तसंच. ती उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि बाबा तिच्या अंगावरून निघून जायचे.

"थांबत नाहीत," ती म्हणाली. "पूर्वी थांबायचे."

मग मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि पहिल्यापासून लावलं. जोड कुठे आहेत हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि तिला. मी थांबवायच्या बटणावर बोट ठेवून बसले. जोड आला की थांबवायची. ती उत्तर द्यायची. झालं की मी परत सोडायची. "वाठारचा." थांब, सोड. "नाही नाही, ती त्याची दुसरी बायको." थांब, सोड. प्रश्न एकही ऐकू येत नव्हता, आणि ती प्रत्येकाचं उत्तर देत होती. एका ठिकाणी तर हसली आणि म्हणाली, हे काय विचारतायत, स्वतः तर होते ना तिथं. खिडकीबाहेर कोणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं, मी ते बंद व्हायची वाट बघितली नाही. पन्नास मिनिटांच्या रेकॉर्डिंगला आम्हाला जवळजवळ तीन तास लागले. हे रेकॉर्ड करू का, असं मी मधेच विचारलं. सवय जात नाही. कशाला, ती म्हणाली, तू परत कापशील. मी रेकॉर्ड केलं नाही.

शेवटचा जोड आला. मी थांबवलं. ती काही बोलेना. मला वाटलं, हा तिला आठवत नसेल, म्हणून मी सोडायला गेले, तर तिने माझ्या बोटावर हात ठेवला.

"इथं काही विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "नुसतंच अगं म्हणाले. मी आहे का बघायला."

तू काय म्हणालीस मग, मी विचारलं.

"काही नाही. तू सांगितलं होतंस ना, आई, तू मधे बोलू नकोस, माइकमध्ये येतं. म्हणून मी नुसती दारात येऊन उभी राहिले. त्यांना दिसले की नाही कोण जाणे, पाठ होती इकडे."

मला हे आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. ते वाक्य माझ्याच आवाजात त्या रेकॉर्डिंगवर असणार, आणि इतर सगळ्याबरोबर तेही मी कापलं असणार. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती लॅपटॉपकडे बघत होती, जिथे बाबा थांबलेले होते.

"आता म्हणू का?" तिने विचारलं.

म्हण, मी म्हटलं.

"ओ," आई म्हणाली.